चौकट, फळी आणि सूतभर फट

मराठी समीक्षेत ‘चौकट’ हा शब्द बहुधा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो. कवी चौकट मोडतो, कादंबरी चौकट ओलांडते, एखादा नाटककार रूढ चौकटीत अडकून पडतो आणि म्हणून मागे पडतो. आम्ही दोघेही गेली अनेक वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. ही वाक्ये आम्ही वर्गात उच्चारली आहेत, चर्चासत्रांत ऐकली आहेत आणि उत्तरपत्रिकांतून शेकड्यांनी वाचली आहेत. या सगळ्या वाक्यांत चौकट म्हणजे भिंत. आतला अडकलेला आणि बाहेरचा मुक्त. वास्तविक हा शब्द आपल्याकडे सुताराच्या कामातून आलेला. तिथे त्याचा अर्थ काय, चौकट नेमके काय काम करते, हे तपासून पाहण्याची गरज समीक्षेला कधी पडली नाही. आम्हाला ती पडली, तीही वाङ्मयीन कारणाने नव्हे. आमच्या स्वयंपाकघरातील ओट्याखालच्या कपाटांना दारे करायची होती.

कोल्हापुरात ओट्याखालच्या कपाटाचा विचार नदीला वगळून करता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे दोन आकडे शहरातील शाळकरी मुलालाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. जुलै २०२१ मध्ये ते ५६ फुटांच्याही वर गेले. नदीला फुगवटा आला की जयंती नाल्याचे पाणी उलटे वस्तीत शिरते. दर पावसाळ्यात ज्या वस्त्या अगदी आधी हलवाव्या लागतात, त्यांतल्या एकीचे नाव सुतारवाडा आहे. आमचे घर नाल्यापासून फार दूर नाही, आणि तळमजल्यावर आहे. दोन्ही वेळा पाणी ओट्याच्या कडेला लागले.

कपाटे घरासोबतच आलेली होती. वरून गुळगुळीत, चकचकीत. आत पार्टिकल बोर्ड. म्हणजे लाकडाच्या कपच्या आणि भुसा कृत्रिम राळेत कालवून, तापवून, दाबून केलेला तक्ता. २०१९ नंतर डागडुजी करून ती वापरात राहिली, २०२१ ने त्यांचा निकाल लावला. या तक्त्याच्या कडेची पट्टी सुटली की पाणी आत शिरते, दाबून बसवलेल्या कपच्या फुगतात आणि तक्ता जाड होतो. वाळल्यावर तो मूळच्या जाडीवर परत येत नाही. स्क्रू धरून ठेवण्याची ताकदही त्यात उरत नाही. पूर ओसरल्यानंतर गल्लीगल्लीच्या तोंडाशी जे ढीग साचले, त्यांत या फुगलेल्या, पापुद्रे सुटलेल्या तक्त्यांचा वाटा मोठा होता. त्याच चिखलातून आम्ही एक सागवानी देव्हारा आणि दोन पाट बाहेर काढले. ते धुतले, उन्हात न ठेवता सावलीत तीन आठवडे वाळवले. एक पाट जरासा वाकडा झाला होता, त्याच्यावर रंध्याचे चार हात फिरवावे लागले. दोन्ही पाट आजही पंगतीला असतात.

तेव्हा दारे भरीव लाकडाची करायची हे ठरले. यात पार्टिकल बोर्डाची निंदा नाही. तो स्वस्त असतो, लाकडाचा टाकाऊ भाग उपयोगात आणतो, आणि ज्या घरात पाणी येत नाही तिथे वर्षानुवर्षे टिकतोही. उत्तम प्रतीचा जलरोधक प्लायवूड तर पाण्याला चांगलाच दाद देत नाही. प्रश्न आमच्या घरापुरता होता. आमच्याकडे पाणी पुन्हा येणार हे गृहीत धरूनच वस्तू निवडायची होती. जी भिजल्यावर पूर्ववत होऊ शकेल, वाकली तर तासता येईल, मोडली तर तेवढाच तुकडा बदलता येईल अशी.

ओट्याखालचे कप्पे आम्ही कडप्प्याच्या उभ्या फरशांचे केले. ही आपल्याकडची जुनीच रीत, आणि दगडाला पुराचे सोयरसुतक नसते. राहिली आठ दारे आणि तीन ड्रॉवरांची तोंडे. त्यांच्यासाठी वखारीत गेलो. नव्या सागाचे अनेक प्रकार तिथे रचलेले होते. दांडेलीचा साग ऐकून माहीत होता. आफ्रिकेतून येणारा सागही आता सर्रास मिळतो. म्यानमारने २०१४ पासून अखंड ओंडक्यांची निर्यात थांबवली, तेव्हापासून ‘बर्मा टीक’ हे शब्द पूर्वीइतक्या सहजपणे उच्चारले जात नाहीत. आम्ही मात्र जुने लाकूड घेतले. पाडलेल्या वाड्याच्या दोन तुळया, सहा इंची चौरस, दहा फूट लांब. एका तुळईत अडीच घनफूट लाकूड, दोन्हींत मिळून पाच. कापण्यात, तासण्यात आणि खिळ्यांच्या भोकांपायी यातले निम्मेअधिक जाते, हे वखारवाल्याने आधीच सांगितले. बाहेरून तुळया काळ्याठिक्कर होत्या. धूर, चुना, तेल, कित्येक वर्षांची धूळ. कापण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधले, कारण एक राहिलेला खिळा करवतीचे पाते निकामी करतो. सॉ मिलमध्ये पहिली फळी निघाली तेव्हा आतून सोनेरी तपकिरी लाकूड आणि सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास बाहेर आला.

काम करणारे मिस्त्री साठीचे. हयातीचा मोठा भाग त्यांनी घरांच्या कामावर नव्हे, उद्यमनगरात पॅटर्न बनवण्यात घालवला होता. कोल्हापूरचा ओतकामाचा धंदा सर्वांना ठाऊक आहे. त्यामागे सुतार असतो हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. लोखंड ओतायचे तर आधी वाळूत साचा हवा आणि साच्यासाठी हुबेहूब आकाराचा लाकडी नमुना हवा. तो नमुना म्हणजे पॅटर्न. मात्र हुबेहूब म्हणजे मापाला नेमका नव्हे. ओतलेले लोखंड थंड होताना आखडते, फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित लांब. आता पॅटर्न संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर होतात, तेही बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे किंवा रेझिनचे. म्हणून मिस्त्री घरकामाकडे वळले होते. पण जन्मभर ‘वस्तू होईल तशी राहत नाही’ हे गृहीत धरून माप घेण्याची सवय त्यांच्या हातात मुरलेली होती. आमच्या ओट्याची मापे घेण्याआधी त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न मापाचा नव्हता.

“सर, दारं कुठल्या महिन्यात बसवायची?”

एप्रिल चालू होता. मे अखेर बसवू म्हणालो.

“मग श्रावणाचं माप धरून करायला पायजे. कास्टिंग थंड हुताना आखडतंय, लाकूड पावसात वाढतंय. जागा ठेवायची, एवढंच.”

‘लाकूड फुगते’ हे कुणालाही माहीत असते. पावसाळ्यात संडासाचे दार लागत नाही, एवढ्यावरून ते समजते. मात्र ते कसे फुगते हे आम्हाला तोवर कळलेले नव्हते. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. ते वाढते रुंदीत, शिरांना आडवे. झाडाच्या देहातील नळ्या उभ्या असतात. हवेतला ओलावा त्यांच्या भिंतींत शिरला की त्या जाड होतात, लांब होत नाहीत. साग या बाबतीत पुष्कळच संयमी आहे. तरीही फूट-सव्वा फूट रुंदीची सागाची फळी कोल्हापूरच्या चैत्रापासून श्रावणापर्यंत सूतभर रुंदावते आणि पुन्हा माघारी येते. जुनी तुळई शंभर वर्षे वाळली म्हणून या नियमातून सुटत नाही. नवे लाकूड वाळताना जशी तडे देते तशी ती देत नाही, इतकेच. ऋतूंबरोबर तिचे वाढणे-आखडणे चालूच राहते.

म्हणजे पंधरा इंच रुंद आणि सव्वीस इंच उंच दार अखंड फळीचे केले, तर ते पावसाळ्यात शेजारच्या दाराला भिडणार आणि उन्हाळ्यात त्याच्याशी फट ठेवणार. आडव्या पट्ट्या ठोकून, डिंक लावून त्याला जखडले, तर ते वाढू न शकल्यामुळे वाकणार, आखडू न शकल्यामुळे फुटणार. यावर सुतारांनी शोधलेला उपाय शेकडो वर्षे जुना आहे आणि जगभर आढळतो. तो उपाय म्हणजे चौकट. दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या. प्रत्येक सव्वादोन इंच रुंद. दाराचे बाहेरचे माप ठरवते ती ही चौकट. तिच्या पट्ट्या अरुंद असल्यामुळे त्यांची वाढही नगण्य. पट्ट्यांच्या आतल्या कडेला तीन सूत खोल खाच. त्या खाचेत मधली फळी बसते. नुसती बसते, तिला डिंक नाही, स्क्रू नाही. दोन्ही बाजूंच्या खाचांत मिळून तिच्यासाठी दोन सुतांची जागा रिकामी सोडलेली. वर आणि खाली अगदी मध्यावर एकेक बारीक चूक मारली, की फळी वाढताना दोन्हीकडे सारखी सरकते, एकाच अंगाला जात नाही.

पहिले दार जुळवताना डिंकाची बाटली आमच्या हातात होती. खाचेत डिंक सोडायचा का, असे विचारताच मिस्त्रींनी बाटली बाजूला ठेवली. “मॅडम, हितं डिंक पडला की दार फुटलं म्हणून समजा. फळी आत मोकळी पायजे. डिंक फक्त कोपऱ्याला.”

कोपरे मात्र जबरदस्त. आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू, उभ्या पट्टीत त्याच्या मापाचे भोक. ‘कुसू’ हा शब्द आम्ही शब्दकोशात पाहिलेला होता. तो आता हातात धरता आला. पट्टीच्या जाडीचे तीन समान भाग करायचे आणि मधला ठेवून बाजूचे दोन काढायचे, म्हणजे कुसवाची जाडी मिळते. जास्त जाड केले तर भोकाच्या भिंती दुबळ्या होतात, बारीक केले तर कुसूच मोडते. सागाला अंगचे तेल असते, ते डिंकाला धरू देत नाही. म्हणून सांधण्याआधी कुसू कापडाने पुसून घ्यायचे. शेवटी बाहेरून दोन बारीक पाचरी. मराठीत ‘पाचर मारणे’ म्हणजे चाललेल्या कामात खोडा घालणे. सुताराची पाचर मात्र सांधा घट्ट करते, तिच्यावाचून काम पुरे होत नाही. ‘चौकट’ हा आमच्या भाषेने उलटा करून घेतलेला एकटाच शब्द नव्हे, हे तिथे बसल्याबसल्या ध्यानात आले.

आमच्या वाट्याला पॉलिश पेपर आला. शनिवार-रविवारी फळ्या घासायच्या, शिरांच्या दिशेने. आडवा हात गेला की ओरखडा राहतो आणि तो पॉलिश केल्यावरच उठून दिसतो. या कामात आणखी दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. एक, मधली फळी चौकटीत घालण्याआधीच तिला पॉलिश करायचे. आधी जुळवून मग पॉलिश केले, तर मार्चमध्ये फळी आखडते आणि खाचेतून तिची कोरी, फिकट कड बाहेर डोकावते. दोन, दाराच्या मागच्या अंगालाही पुढच्याइतकेच हात द्यायचे. मागची बाजू कुणाला दिसत नाही म्हणून कोरडी ठेवली, तर ती ओलावा अधिक पिते, पुढची कमी, आणि दार वाटीसारखे वाकते. न दिसणाऱ्या बाजूची उपेक्षा दिसणाऱ्या बाजूवर येते, ही इथे नीतिकथा नव्हती. ती लाकडाची सरळ वागणूक होती.

ड्रॉवरांची तोंडे हा वेगळा प्रश्न. साडेपाच इंच उंचीच्या तोंडाला चौकट केली तर मध्ये फळीला जागाच उरत नाही. तिथे अखंड फळी, शिरा आडव्या. तिन्ही ड्रॉवर ओट्याखाली एका ओळीत येणार होते, म्हणून तिन्ही तोंडे एकाच लांब फळीतून ओळीने कापली. परिणामी डावीकडून निघालेली शीर तिन्ही तोंडांवरून सलग उजवीकडे जाते. अखंड फळी वाढते ती उंचीत, म्हणून वरच्या आणि खालच्या फटीत सुताची सूट. तोंड ड्रॉवरच्या पेटीला आतून स्क्रूने जोडताना पेटीतली भोके गोल नव्हे, उभट लांबट पाडली. स्क्रू तोंडाला घट्ट धरतो आणि तोंडाबरोबर भोकात वरखाली सरकतो. धरून ठेवणे आणि जखडून टाकणे यांतला फरक एखाद्या भोकाच्या आकारावर असतो.

शेवटचा निर्णय बिजागऱ्यांचा. बाजारात आत लपणाऱ्या, हळूच मिटणाऱ्या बिजागऱ्या पुष्कळ मिळतात. मिस्त्रींनी साध्या पितळी घ्यायला लावल्या, खिळी वर ओढून काढता येणाऱ्या. “नदी वाढली की खिळी काढा, दार माळ्यावर टाका. उतरलं की परत लावा.” दारे अदलाबदल होऊ नयेत म्हणून प्रत्येकाच्या मागे त्यांनी पेन्सिलीने आकडे घातले, एक ते आठ. ड्रॉवर तर ओढले की निघतातच.

मे २०२२ मध्ये दारे बसली, तेव्हा दोन दारांमध्ये चांगली दीड सुताची फट होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ती आवर्जून दाखवली. एवढे पैसे घालून काम ढिले कसे, असेही एक-दोघांनी विचारले. ऑगस्टमध्ये ती फट अर्ध्या सुतावर आली आणि एकही दार घासले नाही. सिंकखालचे दार सर्वांत जास्त भिजते, तेही मिटते. कुकरची वाफ, फोडणीचे तेल, हळदीचे हात हे सगळे आता त्या लाकडाच्या रंगात मिसळू लागले आहे. जुलै २०२४ मध्ये नदी पुन्हा धोक्याच्या पातळीपुढे गेली. ४० फुटांची बातमी आली त्या संध्याकाळी आम्ही खिळ्या ओढल्या, आठ दारे आणि तीन ड्रॉवर माळ्यावर चढवले. अर्धा तास लागला. त्या वेळी पाणी आमच्या गल्लीपर्यंत आले नाही. दारे उतरल्या क्रमाने परत लागली. म्हणजे या दारांची महापुराची परीक्षा अजून व्हायची आहे. रोजच्या दमटपणाची परीक्षा मात्र ती दरवर्षी देतात.

आता त्या शब्दाकडे. चौकट फळीला अडकवते असे दुरून वाटते. जवळून पाहिले तर चौकटीमुळेच फळीला हलता येते. चौकट नसती तर फळीला एक तर ठोकून जखडावे लागले असते किंवा मोकाट सोडून दार कुचकामी करावे लागले असते. चौकट बाहेरचे माप सांभाळते आणि ते सांभाळल्यामुळेच आतल्या फळीला ऋतूप्रमाणे वाढण्या-आखडण्याची मुभा देऊ शकते. अट एकच: खाचेत डिंक नको. सांधे आवळायचे ते कोपऱ्यांत, फळीच्या कडेला नव्हे.

वाङ्मयाला हे अपरिचित असावे असे नाही. ज्ञानेश्वरीतली ओवी पाहावी. चार चरण, पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड आणि यमकावाचून. एवढी चौकट. पण चरणातल्या अक्षरांची संख्या ठरलेली नाही. अर्थ वाढला की चरण वाढतो, आखडला की आखडतो. नऊ हजारांवर ओव्यांचा ग्रंथ या सुटीमुळे फुटला नाही. याउलट, गण आणि मात्रा पक्क्या जखडलेल्या वृत्तात लिहिणाऱ्याला शब्दच तासावे लागतात, ऱ्हस्वाचे दीर्घ करावे लागतात. तेही कौशल्य आहे. काही कवींनी त्यातून थोर कविता लिहिली आहे. पण तिथे हलण्याचा सगळा भार भाषेवर पडतो. म्हणून चौकट आहे की नाही, मोडली की पाळली, हा विचारण्याजोगा पहिला प्रश्न नव्हे. तिच्या खाचेत जागा किती सोडली आहे, आणि ती सोडणाऱ्याला पुढचा ऋतू ठाऊक होता का, हे आधी पाहायला हवे. अभ्यासक्रम, शुद्धलेखनाचे नियम, समीक्षेच्या संज्ञा, सगळ्यांनाच हा प्रश्न विचारता येईल. ज्या नियमांत उद्याच्या भाषेसाठी सूतभरही जागा नसते ते नियम भाषा पाळत नाही, ती फुटते. आणि फुटली की आपण भाषेला दोष देतो.

यंदा वर्गात एका विद्यार्थिनीने नेमाने लिहिले: कवीने परंपरेची चौकट मोडली. आम्ही समासात फक्त विचारले, कोणती चौकट, आणि ती आत किती मोकळी होती? तिने उत्तर शोधायला वेळ मागून घेतला आहे. तो तिला दिलेला बरा.